पाठमोरे बुवा

बुवांचा चेहरा मला नीट आठवत नाही. यात माझ्या वयाचा दोष थोडा आणि बुवांचा जास्त आहे. दोन-अडीच वर्षं दर गुरुवारी मी त्यांच्यासोबत चार-पाच तास काढले, पण त्यातला बहुतेक वेळ त्यांनी भिंतीकडे तोंड करून काढला. पाठ मात्र पक्की आठवते. बंडीला मागून लावलेलं पोत्याच्या कापडाचं ठिगळ, मानेवरच्या वळ्या, आणि डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला उजवा खांदा. उभा जन्म जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या काट्यावर काढल्यामुळे तो खांदा तसा झाला होता. गाव त्यांना काटेवाले बुवा म्हणे.

त्या वर्षांत वर्ध्याच्या आसपास चांगलं काम करायची साथच आली होती. ज्याला त्याला काहीतरी लोकोपयोगी सुचे. कोणी सूत काढी, कोणी दुसऱ्यांसाठी संडास खोदी, कोणी नुसतंच मौन पाळी. आमचं गाव आर्वीकडे, रोहण्याच्या पुढे, थोडं आत. तिथे ही साथ जरा उशिरा पोचली. गावचे पूर्वीचे मालगुजार एकदा पवनारच्या आश्रमात जाऊन आले, धाम नदीच्या काठी तासभर बसले, आणि परतीच्या बसमध्येच त्यांच्या मनात धान्यकोठी आली. दर घरानं रोज चूल पेटवण्याआधी मूठभर धान्य मडक्यात काढून ठेवायचं, गुरुवारी बाजाराच्या दिवशी ते कोठीत आणून टाकायचं, आणि ज्याच्या घरी नसेल त्यानं तिथून न्यायचं. कल्पना खरोखर चांगली होती. मालगुजारी गेल्यापासून त्यांना कशाचं तरी अध्यक्ष असणं भाग होतं, म्हणून समिती झाली. समितीला स्वयंसेवक लागतो, म्हणून मी झालो. जनपदाच्या शाळेतला मास्तर आपल्या इच्छेनं स्वयंसेवक होतो असं कोणाला वाटत असेल तर त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

कोठीसाठी जागा मिळाली ती बंद पडलेल्या जिनातली सरकीची खोली. जागेबरोबर बुवाही मिळाले, कारण ते जिन बंद झाल्यावरही तिथेच राहत होते आणि त्यांना तिथून उठवायचं कोणाला सुचलं नव्हतं. समितीनं ठरवलं होतं की देणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची आणि घेणाऱ्यांना रांगेत बसवायचं. पहिल्याच गुरुवारी बुवांनी तो फळा आडवा टाकून त्यावर तुरीची डाळ वाळत घातली. मग त्यांनी आपले नियम सांगितले. खोलीला दोन दारं होती. पुढच्या दारानं यायचं, मागच्या दारानं जायचं. एका वेळी एकच माणूस. देणारा असो की घेणारा, थैली घेऊन यायचं आणि थैलीच्या तोंडावर फडकं बांधूनच आत-बाहेर करायचं. आत ज्वारीची एक आणि डाळीची एक अशा दोन मोठ्या कोठ्या, त्यात एकेक माप. टाकायचं ते टाकावं, न्यायचं ते न्यावं. तेवढा वेळ बुवा स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसत. मी पुढच्या दाराबाहेर ज्वारी चाळत बसायचो, आणि मलाही आत पाहायची बंदी होती.

यामुळे देणारे फार नाराज झाले. घेणाऱ्याचं एक वेळ ठीक, पण देताना कोणी पाहतच नसेल तर द्यायचं कशाला, असा प्रश्न दोघा-तिघांनी मला मनापासून विचारला. कोणीतरी मनात येईल तेवढं उचलून नेईल अशीही भीती होती. तिच्यावर बुवांचा खोकला हे औषध होतं. त्यांना मापाच्या आवाजावरून सगळं कळतं अशी गावाची खात्री होती. आयुष्यभर काटा धरलेला माणूस, त्याला कानानं वजन कळणारच. कोणी फार वेळ माप खळखळवलं की बुवा खोकत आणि मापाचा आवाज थांबे. दुसरं म्हणजे ते अधूनमधून भिंतीलाच सांगितल्यासारखे म्हणत, "माप भरलं नाई. बुडाशी राह्यलं." आतला माणूस, जो कोणी असेल तो, मुकाट्यानं माप पुन्हा बुडवी.

किड्या-मुंग्यांशी बुवांचं जन्माचं वैर होतं. धान्यात कडूलिंबाचा पाला ते स्वतः घालत आणि ओली किंवा गोड वस्तू कोठीच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. अध्यक्षांनी एकदा मोठ्या मनानं गुळाची भेली पाठवली होती, ती त्यांनी दारातूनच परत केली. गोडाशी त्यांचं स्वतःचंही जमत नव्हतं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी लघवीत साखर सांगितली होती. ही गोष्ट ते एखादी पदवी मिळाल्यासारखी सगळ्यांना सांगत. चहा बिनसाखरेचा, सकाळी कारल्याचा रस, आणि लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढायला आलेल्या माणसाला डॉक्टरांचं पूर्ण म्हणणं. संक्रांतीला मी एकदा तिळगूळ पुढे केला तर म्हणाले, "मास्तर, गोड बोलाले गोड खा लागते काय? मले तं कडू खाऊनबी बोलता येते." मग माझा तिळगूळ त्यांनी फडक्यात बांधून मलाच परत दिला, माझ्या बायकोसाठी.

माझ्या हातून सुरुवातीलाच एक चूक झाली. ज्वारी चाळताना सहज वर पाहिलं तर समोर आमच्याच गल्लीतल्या एक बाई. चांगल्या घरच्या, नवरा अंथरुणाला खिळलेला. मी शिकलेला माणूस, मला शिष्टाचार ठाऊक. मी म्हणालो, "काय काकू, आज तुम्ही?" काकू थैली काखेत दाबून आल्या पावली परत गेल्या.  पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हा बुवांनी पायलीभर ज्वारी थैलीत बांधून माझ्या हातात दिली आणि सांगितलं, "त्यांच्या मागच्या आंगणात ठेवजा. दिसले तं पुन्हा पुढच्या गुरुवारी जा लागन." मी पहिल्या गुरुवारी काकूंना दिसलो, दुसऱ्या गुरुवारी त्यांच्या कुत्र्याला. तिसऱ्या गुरुवारी जमलं. पोटरीवर त्या कुत्र्याच्या दातांची खूण अजून आहे. त्यानंतर ज्वारी चाळताना मी कधी मान वर केली नाही.

छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली. आमच्या गावच्या वस्तीतलीही सगळी घरं जाऊन आली, पांढरी लुगडी, पांढरे सदरे घालून. आल्यावर त्यांनी घरातले देव नदीत सोडले आणि मेलेली ढोरं ओढायचं आणि गावाची इतर कामं करायचं बंद केलं. गाव काही बोललं नाही. गावानं फक्त त्यांना कापूस वेचायला बोलावणं बंद केलं. हंगामाचे दिवस होते, शेतं फुटून पांढरी झाली होती, शेतमालक दुसऱ्या गावांहून गाड्या भरून मजूर आणत होते, आणि वस्तीतली माणसं आपापल्या दारात बसून त्या गाड्या जाताना पाहत होती. त्या हिवाळ्यात त्या घरांत धान्य येण्याची एकच वाट उरली होती, आणि ती सरकीच्या खोलीतून जात होती.

हे समितीच्याही लक्षात आलं. बैठक बसली. अध्यक्षांनी प्रश्न मांडला की, ही मूठ देवाच्या नावानं काढलेली असते, मग ज्यानं देव सोडला त्यानं ती का खावी. प्रश्न बिनतोड आहे असं सगळ्यांचं मत पडलं. मलाही विचारलं. मी म्हणालो, विचार करण्यासारखा आहे. पंधरा-वीस मुलांना रोज छडी दाखवून खरं बोलायला लावणारा मी माणूस. मग बुवांना बोलावून विचारलं, वस्तीतले कोण कोण येतात त्यांची नावं सांगा. बुवा म्हणाले, "मले मागं डोये नाईत." अध्यक्षांनी विचारलं, मग आता तोंड फिरवून बसाल का? बुवा म्हणाले, मान आखडली आहे, ती आता एकाच बाजूला राहते. त्यांना काढून टाकावं तर त्या खोलीत उंदीर-घुशींबरोबर फुकट राहायला दुसरा कोणी तयार नव्हता.

तेव्हा अध्यक्षांना युक्ती सुचली. दर गुरुवारी मारुतीला बत्तासे आणि खोबरं ठेवायचं, ते ताट कोठीत न्यायचं, आणि मागच्या दाराशी प्रत्येकाच्या हातावर प्रसाद ठेवायचा. ज्यानं दीक्षा घेतली तो काही प्रसाद घेणार नाही. जो नाही म्हणेल त्याचं नाव कळलं. ताट धरायला मास्तर आहेतच. बैठक उठल्यावर अध्यक्ष मला बाजूला घेऊन फार मायेनं म्हणाले, "मास्तर, तुमची बदली आलती. घरी बाईमाणूस अशा अवस्थेत, म्हणून मीनंच थांबवून ठेवली." माझ्या बायकोला सातवा महिना होता. मी ताट धरायला तयार झालो. आज कितीही मागेपुढे करून सांगितलं तरी झालं ते एवढंच.

पहिल्या गुरुवारी ताट घेऊन कोठीत गेलो. अजून कोणी आलं नव्हतं. बुवांनी विचारलं हे काय, आणि मी सगळं सांगून टाकलं, बदलीसकट. बुवांनी एक बत्तासा बोटानं दाबून पाहिला.

"साखर हाये. इथं ठेवता येत नाई, मुंग्या लागतीन."

मी म्हणालो, मग परत नेतो. तर प्रसाद परत नेत नाहीत. बुवा दर शनिवारी मारुतीला तेल घालणारे होते. प्रसाद खाली ठेवायचा नाही, टाकायचा नाही, नाकारायचा नाही, हे सगळं ते पाळत. मी म्हणालो, फडक्यात बांधून पोरांना वाटू. तर उद्या शाळेत सगळी पोरं बत्तासे चघळत बसतील आणि अध्यक्षांना कळेल. समोरच्या निंबाखाली अध्यक्षांचा गडी बसवलेला होताच; तो परगावचा, माणसं ओळखत नव्हता, पण ताट ओळखत होता. बुवांनी थोडा विचार केला, स्टुलावर बसले, ताट मांडीवर घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून खायला लागले.

मी म्हणालो, निदान मला अर्धे द्या. बुवा म्हणाले, "तुमाले अध्यक्षाले जाऊन सांगा लागते, मास्तर. तुमी खाल्ले तं खोटं बोला लागन. मी खाल्ले तं तुमाले खरं सांगता येते."

आणि खरंच मला खरं सांगता आलं. संध्याकाळी अध्यक्षांनी विचारलं, प्रसाद? मी म्हणालो, संपला. कोणी नाही म्हणालं? मी म्हणालो, कोणीही नाही म्हणालं नाही. दोन्ही वाक्यं सूर्यप्रकाशाइतकी खरी होती, आणि ती बोलताना माझे कान गरम झाले होते.

आमचा अंदाज होता की एक-दोन गुरुवारांत अध्यक्ष कंटाळतील. पण झालं उलटंच. ते खूश झाले. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की वस्तीतले लोक ताटाला भिऊन कोठीकडे फिरकतच नाहीत. आणखी दोन गुरुवारांनी त्याहून चांगला अर्थ लावला, की फिरकतात आणि प्रसादही घेतात, म्हणजे नागपूरला जाऊन आले तरी आतून ते आपलेच. हा शोध त्यांनी आर्वीला जाऊनही सांगितला. अशी युक्ती बंद कोण करील? ताट मोठं झालं. खोबरं कमी आणि बत्तासे जास्त, कारण बत्तासे दिसायला बरे दिसतात.

आठ-नऊ गुरुवार बुवा ते ताट संपवत होते. अध्यक्षांचा गडी आणि अध्यक्ष सोडून गावात सगळ्यांना हे माहीत झालं होतं. लोक आत येत, पुढे भिंतीशी कडम कडम आवाज चालू असे, मागे मापाची सळसळ. एखाद्या वेळी बत्तासा तोंडात ठेवूनच बुवा म्हणत, "माप भरलं नाई." त्यांची तहान वाढली. स्टुलाखाली पाण्याची कळशी आली, मग दुसरी. कारल्याच्या रसाचा पेला त्यांनी मोठा केला, जणू एकानं दुसऱ्याचं तोंड बंद होणार होतं. मी एकदा रागावून म्हणालो, बुवा, अध्यक्षांना सांगून टाकतो, बदली झाली तर झाली. ते म्हणाले, "बाई मोकयी होऊ द्या. मंग सांगजा." मला मुलगी झाली त्याच आठवड्यात बुवांच्या डाव्या अंगठ्याला ठेच लागली. ती चिघळली आणि अंगठा काळा पडला. बुधवारी दुपारी त्यांना गाडीत घालून स्टेशनवर नेलं आणि वर्ध्याच्या दवाखान्यात दाखल केलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता आणि ताट आलं.

मी ते घेऊन कोठीत गेलो आणि बुवांच्या स्टुलावर बसलो, भिंतीकडे तोंड करून. भिंतीत पाहण्यासारखं काहीही नव्हतं. चुना उडालेला, एक खिळा, आणि बुवांचं डोकं टेकून टेकून पडलेला तेलकट डाग. पहिला बत्तासा तोंडात टाकला. दहा होईपर्यंत ठीक होतं. वीस झाल्यावर पुढचा गिळवेना, आणि ताट तर जसंच्या तसं दिसत होतं. बुवा हे नऊ वेळा खाऊन बसले होते, आणि मी दाराबाहेर बसून खाली मान घालून ज्वारी चाळत होतो. मला रडू आलं. लाज वाटली म्हणूनही आलं आणि बुवांची आठवण येऊनही आलं.

तेवढ्यात मागे पावलं वाजली, माप बुडालं, आणि जाता जाता माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. हातात हिरव्या बांगड्या होत्या. त्या हातानं चार बत्तासे उचलले आणि तो मागे गेला. तिच्यानंतर आलेल्या माणसाचा हात रापलेला, नखांत काळी माती, त्यानं मूठभर उचलले. मग एक सुरकुतलेला बिनबांगड्यांचा हात आला.  खांद्यावरून हात येत, ताट हलकं होई, मागे कोणीतरी चघळत मागच्या दारानं निघून जाई. दुपार टळेपर्यंत ताटात पाच-सहा बत्तासे उरले.

शेवटी कोणीतरी आत आलं आणि मागे नुसतंच उभं राहिलं. हात पुढे आला नाही. मग बाईचा आवाज आला, अगदी हळू.

"आमच्यात आता चालत नाई, मास्तर. नाईतर म्याबी हातभार लावला असता."

तो आवाज मी दोन वर्षं शाळेच्या दाराशी रोज ऐकत होतो. त्या आवाजाला नाव होतं, वस्तीत घर होतं, शाळेत दुसरीत बसणारा मुलगा होता. जे कळावं म्हणून अध्यक्षांनी एवढे बत्तासे खर्चले होते, ते त्या बाईनं मला आपण होऊन सांगितलं होतं. मी मान वळवली नाही. मी नुसता खोकलो. मागे माप वाजलं, फडक्याची गाठ बांधल्याची चाहूल आली, आणि ती गेली.

संध्याकाळी अध्यक्षांनी विचारलं, प्रसाद? मी म्हणालो, मी खाल्ला, आणि ज्यांना खावासा वाटला त्यांनी माझ्यासोबत खाल्ला, आणि याआधीचे सगळे बुवांनी खाल्ले.  पुढच्या गुरुवारी ताट आलं नाही. बुवांनी ते सगळं खाल्लं हे गावासमोर मान्य केलं असतं तर आर्वीला सांगितलेलं परत घ्यावं लागलं असतं, म्हणून तो विषयच बंद झाला. माझी बदली मात्र उघडी झाली. जामच्या बाजूला, समुद्रपूर तालुक्यात. तोवर गहू-हरभरा काढायला माणसं कमी पडू लागली होती, आणि गावानं काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं वस्तीत बोलावणं पाठवलं होतं. त्या हिवाळ्यात वस्तीतलं एकही घर उपाशी निजलं नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

बदलीच्या गावी जाण्याआधी दवाखान्यात गेलो. बुवांचा अंगठा काढला होता. खाटेवर ते उताणे पडले होते, आणि त्यांना समोरून इतका वेळ पाहण्याची माझी ती पहिलीच वेळ. मी सगळं सांगितलं, हात, बत्तासे, ती बाई. ते डोळे मिटून ऐकत होते.

"मागं पाह्यलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पाहावं वाटलं?"

"फार."

"वाटते," ते म्हणाले. मग डोळे उघडून, "तिनं नेलं का टाकलं?"

मी म्हणालो, ते मला कळलं नाही. तुम्हाला मापाच्या आवाजावरून कळलं असतं. तेव्हा बुवा हसायला लागले, आणि हसता हसता खोकायला लागले. खोकला थांबेना म्हणून नर्स धावत आली. ती गेल्यावर ते म्हणाले, "मास्तर, हा जिनातला खोकला हाये. छातीत कापूस गेलता. आला का खोकतो. मले आवाजावरून काई समजत नाई."

मी विचारलं, मग ते माप भरलं नाही, माप भरलं नाही, ते काय होतं?

"ते मी सगळ्याइलेच म्हणो. टाकणारा अजून टाके, नेणारा अजून ने."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. मग विचारलं, "बुवा, मग इतकी वर्षं कोठी रिकामी कशी झाली नाही?"

बुवांनी कूस बदलली आणि सवयीनं भिंतीकडे तोंड केलं.

"कोणाले मालूम," ते म्हणाले. "म्या कधी पाह्यलंच नाई."